टेम्पररी टेबल: तात्पुरतं म्हणजे नेमकं किती वेळ?

एसक्यूएल शिकताना सिलेक्ट, जॉइन, ग्रुप बाय इथपर्यंत गाडी सरळ जाते. मग एक दिवस खऱ्या कामाची क्वेरी हातात पडते: सहा टेबलांचा जॉइन, सबक्वेरीच्या पोटात सबक्वेरी, आणि ‘गेल्या ९० दिवसांतल्या रद्द न झालेल्या ऑर्डर’ ही एकच अट चार ठिकाणी जशीच्या तशी उतरवलेली. उत्तर चुकतंय, पण कुठल्या टप्प्यावर बिघडतंय ते दिसत नाही, कारण मधलं काहीच डोळ्यांसमोर येत नाही. हात बसलेला माणूस अशा वेळी ती अट एकदाच चालवतो, आलेल्या ओळी एका तात्पुरत्या टेबलात ठेवतो, त्या मोजतो, डोळ्यांखालून घालतो आणि मगच पुढच्या टप्प्याकडे वळतो.

हे तात्पुरतं टेबल म्हणजे टेम्पररी टेबल, बोलताना ‘टेम्प टेबल’. तयार करायला अगदी सोपं. अडचण येते ती ‘तात्पुरतं’ या शब्दाची. एका डेटाबेसमध्ये तात्पुरतं म्हणजे कनेक्शन बंद होईपर्यंत, दुसरीकडे ट्रान्झॅक्शन (बिगिनने सुरू होऊन कमिटने एकत्र पक्कं किंवा रोलबॅकने एकत्र रद्द होणारं काम) संपेपर्यंत, कुठे प्रोसिजर (डेटाबेसमध्ये नाव देऊन साठवलेला कोड) संपेपर्यंत, तर कुठे टेबल कायमचं आणि फक्त आतला डेटा तात्पुरता. नव्याने शिकणाऱ्यांना टेम्प टेबलाने दिलेला त्रास मी जितक्या वेळा पाहिला, त्यातला बहुतेक इथूनच आलेला होता. म्हणून कुठलीही तात्पुरती गोष्ट समोर आली की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. ही कोणाकोणाला दिसते? कधी नाहीशी होते? आणि तिच्यात किती आणि कसल्या ओळी आहेत याचा ऑप्टिमायझरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाला, पत्ता असतो का?

एक सूचना: खाली कमांड्स उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. एडिटरमध्ये त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत टाइप करा. टेबलांची आणि कॉलमची नावं समजायला सोपी जावीत म्हणून मराठीत ठेवली आहेत.

दोन खिडक्या उघडून सुरुवात करा

वाचून कळण्यापेक्षा हे हाताने करून लवकर कळतं. पोस्टग्रेसला दोन वेगळी कनेक्शन जोडा. टर्मिनलच्या दोन खिडक्या उघडल्या की झालं. (काही ग्राफिकल टूल्समध्ये दोन टॅब एकच कनेक्शन वापरतात, मग हा प्रयोग फसतो, म्हणून टर्मिनल बरं.) पहिल्या खिडकीत लिहा:

क्रिएट टेम्पररी टेबल नोंदी (क्र इंटिजर, मजकूर टेक्स्ट);
इन्सर्ट इंटू नोंदी व्हॅल्यूज (१, 'अ'), (२, 'ब'), (३, 'क');
सिलेक्ट * फ्रॉम नोंदी;

तीन ओळी दिसतील. आता दुसऱ्या खिडकीत तेच सिलेक्ट चालवा. ‘नोंदी’ नावाचं काही अस्तित्वातच नाही, असा एरर येईल. परवानगी नाही म्हणून आलेला हा एरर नव्हे. त्या कनेक्शनच्या दृष्टीने असं टेबल कधी जन्मलंच नाही. आता दुसऱ्या खिडकीतही ‘नोंदी’ नावाचंच टेम्पररी टेबल बनवा आणि त्यात एकच ओळ घाला. काही तक्रार येणार नाही. दोन्ही खिडक्यांत आळीपाळीने सिलेक्ट चालवून बघा: एकीकडे तीन, दुसरीकडे एक. एकाच डेटाबेसमध्ये, एकाच नावाची दोन टेबलं, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पोस्टग्रेस प्रत्येक सेशनला (कनेक्शन जोडल्यापासून बंद होईपर्यंतचा काळ) त्याची स्वतंत्र तात्पुरती स्कीमा, म्हणजे टेबलं ठेवायचा वेगळा कप्पा, देतो, त्यामुळे नावं एकमेकांवर आदळत नाहीत.

शेवटी पहिली खिडकी बंद करून पुन्हा उघडा. टेबल गेलेलं असेल, ड्रॉप न करता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली: दिसतं फक्त ज्या सेशनने बनवलं त्याला, आणि जातं ते सेशन संपल्यावर. मायएसक्यूएलमध्येही हाच प्रयोग असाच चालतो. तिथे ‘शो टेबल्स’ दिलं तर टेम्प टेबल यादीत दिसत नाही, तेव्हा यादीत नाही म्हणून ते बनलंच नाही असं समजू नका. एसक्यूलाइटमध्येही टेम्प टेबल त्या कनेक्शनपुरतंच असतं.

याच बैठकीत आणखी एक प्रयोग करा, पण चाचणीच्या डेटाबेसवरच. ‘ग्राहक’ नावाचं साधं, कायमचं टेबल बनवा, त्यात पाच ओळी घाला. मग त्याच नावाचं टेम्पररी टेबल बनवून ते रिकामं ठेवा. आता सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम ग्राहक. उत्तर शून्य! कायमचं टेबल जागेवर आहे, पण टेम्प टेबलाने त्याला झाकून टाकलंय. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोघंही असंच वागतात. पुढची पायरी जपून वाचा. ‘ड्रॉप टेबल ग्राहक’ दिलं की टेम्प टेबल जातं. पण स्क्रिप्ट चुकून दुसऱ्यांदा चालली, किंवा झालं की नाही या शंकेने तीच ओळ पुन्हा दिली, तर या वेळी जातं ते कायमचं टेबल, आतल्या पाच ओळींसकट.

यावर इलाज आहे आणि तो पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा. मायएसक्यूएलमध्ये नेहमी ‘ड्रॉप टेम्पररी टेबल’ असं पूर्ण लिहा. मधला शब्द असेल तर कायमच्या टेबलाला हात लागत नाही. पोस्टग्रेसमध्ये नावाआधी ‘पीजी_टेम्प.’ लावा. आणि मुळात टेम्प टेबलांना ‘टेम्प_’ किंवा ‘तात्पु_’ असं काहीतरी ठरलेलं आद्याक्षर द्या, म्हणजे झाकाझाकीचा प्रश्नच उरत नाही.

आता खरं काम: मोठी क्वेरी तोडायची कशी

सुरुवातीची ९० दिवसांची अट घेऊ. पोस्टग्रेसमध्ये:

क्रिएट टेम्पररी टेबल टेम्प_चालू_ऑर्डर अ‍ॅज
सिलेक्ट ऑर्डर_क्र, ग्राहक_क्र, तारीख, रक्कम
फ्रॉम ऑर्डर्स
व्हेअर तारीख >= करंट_डेट - ९०
अँड स्थिती <> 'रद्द';

मायएसक्यूएलमध्ये तारखेतून दिवस वजा करायची रीत वेगळी आहे, बाकी रचना हीच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सिलेक्ट … इंटू #चालू_ऑर्डर फ्रॉम …’ असं लिहितात. नावाआधीचं # हे चिन्हच ते तात्पुरतं असल्याचं सांगतं.

इथे सिलेक्ट स्टार लिहायचा मोह आवरा. मूळ टेबलात ४० कॉलम असतील आणि पुढे चारच लागणार असतील, तर चारच घ्या. टेम्प टेबलाचा फायदा तिथेच आहे: ओळी कमी, कॉलम कमी, पुढचं सगळं काम छोट्या ढिगावर.

टेबल बनलं की लगेच पुढे पळू नका. तीन गोष्टी बघा:

सिलेक्ट काउंट(*), मिन(तारीख), मॅक्स(तारीख) फ्रॉम टेम्प_चालू_ऑर्डर;

ओळींची संख्या अपेक्षेच्या जवळपास आहे का, सर्वांत जुनी तारीख खरोखर ९० दिवसांच्या आतली आहे का, सर्वांत नवी तारीख भविष्यातली तर नाही. यात एक चूक हमखास सापडते. ‘स्थिती’ कॉलममध्ये नल (म्हणजे काहीच न भरलेलं) असेल तर ‘रद्द नाही’ या अटीत ती ओळ बसत नाही, कारण नलशी केलेली तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही. रद्द न झालेल्या, पण स्थितीच न भरलेल्या ऑर्डर अशा गुपचूप गळतात. दीडशे ओळींच्या सलग क्वेरीत हे शोधायला अर्धा दिवस जातो. इथे आकडा कमी दिसला की तिथल्या तिथे कळतं.

मग पुढचा टप्पा: या टेबलाला ग्राहकांशी जोडा, बेरजा करा, हवं तर दुसरं टेम्प टेबल बनवा. मात्र दर पायरीला टेम्प टेबल बनवत सुटू नका. प्रत्येक वेळी ओळी लिहाव्या लागतात, पुन्हा वाचाव्या लागतात. ज्या मधल्या निकालाचा दोनदा किंवा जास्त वेळा उपयोग होणार आहे, किंवा जो तुम्हाला तपासायचा आहे, त्याच्यासाठीच बनवा.

एसक्यूएल सर्व्हरमधली तीन भावंडं

इथे थोडं थांबून समजून घ्यावं लागतं, कारण इथे एकाऐवजी तीन प्रकार आहेत आणि नावात एका चिन्हाचाच फरक.

एका # ने सुरू होणारं टेबल स्थानिक असतं: बनवणाऱ्या सेशनपुरतं. तिन्ही प्रकार टेम्पडीबी नावाच्या सिस्टिम डेटाबेसमध्ये राहतात. टेम्पडीबीच्या टेबलांची यादी काढली तर तुमचं नाव, त्यापुढे अंडरस्कोरची लांबलचक रांग आणि शेवटी काही अक्षरं-अंक असं दिसेल. घाबरू नका, ते तुमचंच टेबल आहे. दहा सेशननी एकाच नावाचं टेबल बनवलं तरी आतून नावं वेगळी पडावीत म्हणून सर्व्हर ती शेपटी जोडतो. याच शेपटीसाठी जागा राखावी लागते, म्हणून स्थानिक टेम्प टेबलाचं नाव ११६ अक्षरांपर्यंतच असू शकतं, एरवीची मर्यादा १२८ असली तरी.

स्टोअर्ड प्रोसिजरच्या आत बनवलेलं # टेबल प्रोसिजर संपताच जातं, सेशन चालू असलं तरी. त्या प्रोसिजरने आतून दुसरी प्रोसिजर बोलावली तर तिला ते दिसतं; पण आतल्या प्रोसिजरने बनवलेलं बाहेरच्या प्रोसिजरला दिसत नाही. वरून खाली दिसतं, खालून वर नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

दोन ## असलं की ते जागतिक: सगळ्या सेशनना दिसतं. बनवणारं सेशन संपलं आणि बाकी कोणाचं स्टेटमेंट त्याला धरून नसलं की ते नाहीसं होतं. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये. तीच स्क्रिप्ट दोघांनी एकाच वेळी चालवली की दुसऱ्याला ‘हे नाव आधीच आहे’ असा एरर मिळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दोघं एकाच टेबलात लिहीत बसतात.

तिसरं भावंड म्हणजे टेबल व्हेरिएबल, नावाआधी @. हे डिक्लेअर करून बनतं आणि तो बॅच किंवा ती प्रोसिजर संपेपर्यंतच जगतं. ‘टेबल व्हेरिएबल मेमरीत असतं म्हणून जलद’ हे वाक्य तुम्हाला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळेल. ते बरोबर नाही. साधं टेबल व्हेरिएबलही टेम्पडीबीमध्येच असतं. खरा फरक दोन जागी आहे. एक रोलबॅकच्या वेळी, दुसरा ऑप्टिमायझरच्या अंदाजात. दोन्हींकडे येतोच आहे.

ओरॅकलमध्ये उलटी समजूत

पोस्टग्रेसवरून ओरॅकलवर आलेला माणूस इथे हमखास अडखळतो. ओरॅकलच्या ग्लोबल टेम्पररी टेबलाची व्याख्या कायमची असते. ते एकदाच, बाकी टेबलांसारखं, बनवून ठेवायचं. तात्पुरता असतो तो फक्त डेटा, आणि तो प्रत्येक सेशनचा स्वतःपुरता. नावात ‘ग्लोबल’ आहे म्हणून डेटा सगळ्यांना दिसेल असं समजू नका. एसक्यूएल सर्व्हरच्या ## शी याचं नातं नाही. प्रोसिजरमध्ये दर वेळी क्रिएट आणि ड्रॉप करायची सवय इथे सोडून द्या.

आणि पहिल्याच दिवशी भेटणारी गोष्ट: ‘ऑन कमिट’चा पर्याय दिला नाही तर ओरॅकल ‘डिलीट रोज’ धरतो. म्हणजे इन्सर्ट केलं, कमिट केलं, सिलेक्ट केलं, आणि शून्य ओळी. ज्या टूलमध्ये ऑटोकमिट चालू असतं तिथे तर इन्सर्ट होताक्षणी ओळी गायब. सेशनभर डेटा हवा असेल तर ‘ऑन कमिट प्रिझर्व्ह रोज’ असं स्पष्ट लिहा. ओरॅकल १८सी पासून प्रायव्हेट टेम्पररी टेबल हा प्रकारही आला. त्यात व्याख्याही तात्पुरती असते आणि नावाला ठरलेलं आद्याक्षर लावावं लागतं.

पोस्टग्रेसमध्ये हेच पर्याय आहेत, पण न सांगता धरलेला पर्याय उलटा: ओळी राहतात. तिथे आणखी एक ‘ऑन कमिट ड्रॉप’ आहे, कमिट होताच टेबलच जातं. हा पर्याय मला फार आवडतो, पण बिगिन न देता सुट्या कमांडसारखा चालवला तर टेबल बनतं, लगेच कमिट होतं आणि तत्क्षणी जातं. पुढच्या ओळीला ‘असं टेबल नाही’ हा एरर. तो आधी बिगिन, शेवटी कमिट, अशा जोडीतच वापरायचा.

रोलबॅक झाला तर?

टेम्प टेबल म्हटलं की ट्रान्झॅक्शनचे नियम लागू नाहीत असं अनेकांना वाटतं. लागू असतात. ट्रान्झॅक्शनमध्ये टेम्प टेबलात घातलेल्या ओळी रोलबॅकनंतर जातात. पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवणंही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये असेल तर टेबलसुद्धा जातं.

एसक्यूएल सर्व्हरचं टेबल व्हेरिएबल मात्र याला अपवाद. रोलबॅक झाला तरी त्यातल्या ओळी तशाच राहतात. याचा एक सुंदर उपयोग आहे. मोठं काम ट्रान्झॅक्शनमध्ये चालू असताना कुठल्या ओळींवर काय चुकलं ते टेबल व्हेरिएबलमध्ये टिपत जा. शेवटी रोलबॅक करावा लागला तर मूळ बदल मागे जातील, टिपणं मात्र हातात राहतील. ती मग कायमच्या एरर टेबलात लिहून टाका.

बेरीज दुप्पट झाली तेव्हा

काही वर्षांपूर्वी एका वेब अ‍ॅप्लिकेशनच्या रिपोर्टवर मी काम करत होतो. डेटाबेस पोस्टग्रेस. रिपोर्टच्या कोडमध्ये पहिली ओळ ‘क्रिएट टेम्पररी टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स’, मग इन्सर्ट, मग बेरीज. माझ्या मशीनवर उत्तर दर वेळी बरोबर. प्रत्यक्ष वापरात मात्र तक्रार आली की बेरीज कधी बरोबर येते, कधी दुप्पट, एकदा तर तिप्पट. दोन दिवस मी जॉइन तपासत राहिलो. दुप्पट आकडा दिसला की आधी जॉइनवरच संशय जातो.

जॉइनमध्ये काही नव्हतं. वेब अ‍ॅप्लिकेशन दर विनंतीला नवं कनेक्शन उघडत नाही. उघडलेली कनेक्शन एका पूलमध्ये ठेवून पुन्हा पुन्हा वापरतं. माझ्या कोडने कनेक्शन ‘बंद’ केलं तरी ते प्रत्यक्षात पूलमध्ये परत जायचं, सेशन जिवंतच राहायचं, आणि त्याबरोबर टेम्प टेबलही आतल्या ओळींसकट. पुढच्या विनंतीला नशिबाने तेच कनेक्शन मिळालं की ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’मुळे क्रिएट शांतपणे वगळलं जायचं आणि जुन्या ओळींवर नव्या ओळी पडायच्या. माझ्या मशीनवर मी दर वेळी प्रोग्रॅम नव्याने सुरू करायचो, म्हणून तिथे ते कधीच दिसलं नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती: सगळं काम एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलं आणि टेबलाला ‘ऑन कमिट ड्रॉप’ लावलं. तेव्हापासून पूलमागच्या कोडमध्ये टेम्प टेबलाबरोबर ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ दिसलं की मी थांबतो. ते शब्द एरर दडवतात, आणि इथे तो एररच तुम्हाला सत्य सांगणार असतो.

पूलचे प्रकारही माहीत असू द्या. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या ड्रायव्हरमध्ये पूलमधलं कनेक्शन पुन्हा वापरायला देताना ते रीसेट होतं आणि जुनी # टेबलं जातात. पोस्टग्रेसमध्ये ‘डिस्कार्ड टेम्प’ ही कमांड हाताने तेच करते. आणि पीजीबाउन्सर (पोस्टग्रेससमोर बसवायचा वेगळा कनेक्शन पूल) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये लावलेला असेल तर उलट त्रास होतो: प्रत्येक ट्रान्झॅक्शनला सर्व्हरचं वेगळं कनेक्शन मिळू शकतं, त्यामुळे पहिल्या ट्रान्झॅक्शनमध्ये बनवलेलं टेबल दुसऱ्यात सापडेलच असं नाही. दोन्ही त्रासांवर औषध एकच: बनवणं, भरणं, वापरणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये.

तिसरा प्रश्न: ऑप्टिमायझरला काय माहीत आहे?

क्वेरी कशी चालवायची हे ऑप्टिमायझर अंदाजावर ठरवतो, आणि अंदाज टेबलाच्या स्टॅटिस्टिक्सवर (ओळी किती, मूल्यं कशी पसरलेली, याची साठवलेली माहिती). कायमच्या टेबलांची स्टॅटिस्टिक्स सहसा आपोआप ताजी होत राहतात. पोस्टग्रेसमध्ये हे काम ऑटोव्हॅक्युम करतो, पण तो टेम्प टेबलापर्यंत पोचूच शकत नाही, कारण ते तुमच्या सेशनचं खासगी आहे. म्हणून मोठं टेम्प टेबल भरून झालं की स्वतः ही ओळ लिहा:

अ‍ॅनालाइझ टेम्प_चालू_ऑर्डर;

एवढ्या एका ओळीने पुढच्या जॉइनचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आलेला मी पाहिला आहे. इंडेक्स लागणार असेल तर क्रम असा ठेवा: आधी ओळी भरा, मग इंडेक्स बनवा, मग अ‍ॅनालाइझ. आधीच इंडेक्स असलेल्या टेबलात लाखो ओळी भरताना प्रत्येक ओळीमागे इंडेक्सही सांभाळावा लागतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये # टेबलाची स्टॅटिस्टिक्स सर्व्हर स्वतः बनवतो. टेबल व्हेरिएबलची बनवत नाही. २०१९ च्या आधीच्या आवृत्त्यांत ऑप्टिमायझर टेबल व्हेरिएबलमध्ये एकच ओळ आहे असं धरून चालायचा. त्याचा परिणाम डोळ्यांसमोर आणा. त्यात खरोखर २ लाख ओळी आहेत. ऑप्टिमायझर म्हणतो, एका ओळीसाठी कशाला मोठी तयारी, दुसऱ्या टेबलात एकदा शोधून आणू. म्हणून तो नेस्टेड लूप निवडतो. प्रत्यक्षात तो शोध २ लाख वेळा चालतो. क्वेरी चुकलेली नसते, निकालही बरोबर येतो, फक्त संपत नाही. २०१९ पासून, कम्पॅटिबिलिटी लेव्हल १५० असेल तर, पहिल्या वापराच्या वेळची खरी संख्या धरली जाते. तरी कॉलममधली मूल्यं कशी पसरलेली आहेत ते ऑप्टिमायझरला कळत नाहीच. माझा ठोकताळा: शंभरेक ओळींपर्यंत टेबल व्हेरिएबल, त्यापुढे # टेबल.

मग सीटीई कशाला?

‘विथ’ने सुरू होणारी सीटीई (कॉमन टेबल एक्सप्रेशन, म्हणजे क्वेरीच्या सुरुवातीला नाव देऊन लिहिलेली सबक्वेरी) हा टेम्प टेबलाचा पर्याय म्हणून नेहमी पुढे येतो. सीटीई एका स्टेटमेंटपुरती असते. सेमिकोलन आला की संपली. मागे काही उरत नाही, पूलची भीती नाही, साफसफाई नाही. क्वेरी वाचायला सोपी करायची एवढाच हेतू असेल तर मी आधी सीटीईच लिहितो.

पण सीटीई म्हणजे साठवलेला निकाल, हे गृहीत धरू नका. एसक्यूएल सर्व्हर सीटीईचा निकाल साठवून ठेवत नाही. तिचं नाव तीनदा आलं तर आतलं काम तीनदा होऊ शकतं. पोस्टग्रेसमध्ये १२ व्या आवृत्तीआधी सीटीई नेहमी वेगळी चालवून साठवली जायची. १२ पासून, ती रिकर्सिव्ह (स्वतःलाच वापरणारी) नसेल आणि एकदाच वापरली असेल, तर मुख्य क्वेरीत मिसळली जाते. हवं तर ‘मटेरियलाइझ्ड’ हा शब्द घालून साठवायला लावता येतं. मायएसक्यूएलमध्ये सीटीई ८.० पासून आली. तिथे तिचा एक खास फायदा आहे: मायएसक्यूएलमध्ये एकाच क्वेरीत एक टेम्पररी टेबल दोनदा वापरता येत नाही. त्याचा स्वतःशीच जॉइन लावायला गेलात तर ‘टेबल पुन्हा उघडता येत नाही’ अशा अर्थाचा एरर येतो. सीटीईला ही अट नाही.

निकाल अनेक स्टेटमेंट्समध्ये लागणार, त्यावर इंडेक्स हवा, किंवा मधे थांबून तपासायचा, या तिन्हींपैकी काही असेल तर टेम्प टेबल.

एसक्यूएल सर्व्हरमधले दोन आडवळणाचे एरर

त्यातला पहिला एकट्याने काम करताना दिसत नाही. पहिला: # टेबलाच्या प्रायमरी कीला स्वतःचं नाव दिलं असेल, तर टेबलाच्या नावाला जोडली जाते तशी शेपटी त्या कन्स्ट्रेंटच्या (प्रायमरी कीसारख्या नियमाच्या) नावाला जोडली जात नाही. दोन सेशननी तीच प्रोसिजर एकाच वेळी चालवली की दुसरी पडते. टेम्प टेबलात कन्स्ट्रेंटला नाव देऊ नका, सर्व्हरला ठेवू द्या. दुसरा: क्रिएट टेबलने बनवलेल्या # टेबलातल्या मजकुराच्या कॉलमना टेम्पडीबीचं कोलेशन (मजकुराची तुलना आणि क्रम लावायचे नियम) मिळतं. तुमच्या डेटाबेसचं कोलेशन वेगळं असेल तर जॉइनच्या वेळी कोलेशन जुळत नसल्याचा एरर येतो. टेबल बनवताना कॉलमपुढे ‘कोलेट डेटाबेस_डिफॉल्ट’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

तुम्ही न बनवलेली तात्पुरती साठवण

एवढं शिकल्यावर एक गोष्ट नव्याने दिसायला लागते: तुम्ही एकही टेम्प टेबल बनवलं नाही तरी डेटाबेस स्वतः बनवत असतो. ऑर्डर बाय, ग्रुप बाय, डिस्टिंक्ट, मोठे जॉइन यांना मधला पसारा कुठेतरी मांडावा लागतो. मेमरीत मावला तर ठीक, नाही तर डिस्कवर.

मायएसक्यूएलमध्ये क्वेरीआधी एक्सप्लेन लावा आणि ‘एक्स्ट्रा’ कॉलममध्ये ‘यूझिंग टेम्पररी’ आहे का बघा. एसक्यूएल सर्व्हरच्या प्रत्यक्ष एक्झिक्युशन प्लॅनमध्ये सॉर्ट किंवा हॅशच्या चित्रावर पिवळं इशाऱ्याचं चिन्ह दिसलं तर त्यावर माउस न्या. पसारा टेम्पडीबीत सांडल्याचं तिथे लिहिलेलं असू शकतं. तिथे हे जास्त गांभीर्याने घ्या, कारण टेम्पडीबी त्या इन्स्टन्सवरच्या (चालू असलेल्या त्या एका सर्व्हरवरच्या) सगळ्या डेटाबेसना मिळून एकच असतो. तुमच्या एका क्वेरीने तो भरला तर शेजारच्या डेटाबेसचं कामही अडतं.

पोस्टग्रेसमध्ये एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालवून सॉर्टची ओळ शोधा. ‘क्विकसॉर्ट’ आणि पुढे मेमरीचा आकडा असेल तर काम मेमरीत झालं. ‘एक्स्टर्नल मर्ज’ आणि पुढे डिस्कचा आकडा असेल तर तात्पुरत्या फाइल लिहाव्या लागल्या. ही मर्यादा ‘वर्क_मेम’ या सेटिंगने ठरते आणि न बदलता ती ४ एमबी असते. ‘सेट वर्क_मेम’ देऊन ती आपल्या सेशनपुरती वाढवा, तीच क्वेरी पुन्हा चालवा आणि ती ओळ बदलते का बघा. सर्व्हरच्या मुख्य फाइलमध्ये मात्र हा आकडा एकदम मोठा करू नका: ही मर्यादा एका कनेक्शनची नसून प्रत्येक सॉर्ट आणि प्रत्येक हॅशची आहे, आणि एकाच क्वेरीत असे पाचसहा टप्पे सहज असतात.